छोट्या परिषदेची खबर म्हणजे जाहिरात नव्हे

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील फेसबुक पाने, इन्स्टाग्राम खाती, व्हॉट्सअॅप ग्रुप आणि ब्लॉग चालवणाऱ्या सर्व अॅडमिन मंडळींस,



हे पत्र तुमच्यापैकी कोणा एकाला उद्देशून लिहिलेले नाही, म्हणून नावे घेत नाही. पण जे लिहिते आहे ते तुमच्यापैकी बहुतेकांना लागू आहे. उघडपणे लिहिण्याचे कारण एवढेच, की खासगीत पाठवलेल्या निरोपांना निळ्या खुणांपलीकडे उत्तर येत नाही.

आधी तुमचे ऋण मान्य करते. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगर पाच लाखांवर होते, अंबरनाथ अडीच लाखांवर आणि बदलापूर पावणेदोन लाखांच्या आसपास. त्यानंतर विशेषतः बदलापूर किती वाढले ते सकाळी साडेसातला फलाटावर उभे राहिले की कळते. एवढ्या वस्तीला आपली अशी बातमी कुठून मिळते? वर्तमानपत्रांच्या पुरवण्या ठाणे, डोंबिवली, कल्याण करत आपल्यापर्यंत येतात तेव्हा दोन-चार ओळींची जागा उरलेली असते. पाणी कोणत्या भागात येणार नाही, वीज किती वाजता जाणार, कर्जत लोकल कुठे अडकली, हे आम्हाला तुम्ही सांगता. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली, हजारावर माणसे गाडीत होती. गाडीतल्या प्रवाशांनी फोनवर काढलेली दृश्ये घराघरांत पोहोचली ती याच मार्गाने. तेव्हा तुमच्या पानांचे आणि ग्रुपचे बळ मला ठाऊक आहे, आणि ते ठाऊक आहे म्हणूनच तक्रार आहे.

मी बदलापूरला राहते. आम्ही काही जण एक दिवसाची परिषद भरवतो. विषय उल्हास आणि वालधुनी या दोन नद्या आणि त्यांच्या काठची आपली शहरे. बोलणाऱ्यांत प्राध्यापक असतात, कारखान्यातून निवृत्त झालेले रसायनतज्ज्ञ असतात, काठावर लहानपण घालवलेली म्हातारी माणसे असतात, एखादी पीएच.डी. करणारी मुलगी असते. प्रवेश विनामूल्य. पाठीशी पक्ष नाही, प्रायोजक नाही. शंभर खुर्च्यांच्या हॉलचे भाडे आणि दुपारचे जेवण वर्गणीतून होते. फ्लेक्स आम्ही लावत नाही. रीतसर परवानगीचे शुल्क परवडत नाही, आणि बेकायदा फलकांबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये इतके स्पष्ट आदेश दिल्यावर रात्रीतून खांबावर फलक बांधणे आम्हाला पटत नाही. मग उरता तुम्ही.

आणि तुमच्याकडून येते ते रेट कार्ड. स्टोरीचे इतके, पोस्टचे इतके, रीलचे इतके, पोस्ट वर पिन करून हवी असेल तर इतके. दुकानाच्या उद्घाटनाला, क्लासच्या प्रवेशाला, फ्लॅटच्या योजनेला तुम्ही पैसे घ्या. पान चालवायला वेळ जातो, फोन आणि डेटा लागतो, त्याचा मोबदला मिळालाच पाहिजे. पण गावातल्या नदीवर गावातली माणसे एक दिवस बोलणार आहेत आणि कोणीही येऊन बसू शकते, ही बातमी आहे. उद्या पाणी येणार नाही ही जशी बातमी, तशीच. ते पाणी कुठून येते आणि त्यात काय मिसळते यावर रविवारी चर्चा आहे, ही जाहिरात कशी होते, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही. माझी पहिली विनंती इथेच आहे: विनामूल्य, सर्वांना खुल्या असलेल्या सार्वजनिक कार्यक्रमाची सूचना विनामूल्य लावा. आठवड्यातून एक दिवस ठरवा, गुरुवार म्हणा, आणि त्या दिवशी येणाऱ्या शनिवार-रविवारच्या सगळ्या छोट्या कार्यक्रमांची एकच यादी द्या. आणि पैसे घेऊन लावलेल्या मजकुरावर ‘जाहिरात’ असे स्पष्ट लिहा. आज वाचकाला दोन्हींतला फरक कळत नाही, आणि त्याचा तोटा शेवटी तुमच्याच पानाला होतो.

दुसरी गोष्ट पाहुण्यांची. सूचना पाठवली की विचारणा होते, उद्घाटनाला कोण येणार आहे? फोटो कोणाचा लावायचा? आमदार, नगरसेवक, मालिकेतला एखादा चेहरा असला की पोस्ट तासाभरात लागते. नसला की ‘बघतो’. शिवमंदिर आर्ट फेस्टिव्हलसारखा मोठा महोत्सव अंबरनाथला होतो, गर्दी होते, आनंद आहे. त्याला तुमच्या पोस्टची तितकी गरजही नसते. ज्या मंदिराच्या नावाने तो भरतो ते शके ९८२ चे, म्हणजे इसवी सन १०६० चे, शिलाहारांच्या काळातले. त्याच्या शिलालेखावर, त्याच्या शिल्पांवर, शेजारून वाहणाऱ्या वालधुनीवर दोन तास बोलू शकणारा अभ्यासक आपल्या शहरात येतो आणि समोर पंधरा माणसे असतात. कारण त्याचे नाव मोठे नाही, आणि तो येणार हे कोणाला कळलेलेच नसते. पोस्टमध्ये वक्त्याचे नाव, विषय आणि तो त्या विषयावर काय काम करतो याची एक ओळ, एवढे पुरते. फोटो नसला तरी चालेल.

आता मजकुराबद्दल, आणि यावर मी थोडी रेंगाळणार आहे. कारण सगळ्यांत जास्त नुकसान इथे होते आणि सुधारणा सगळ्यांत स्वस्तात इथेच होऊ शकते.

आपल्याकडे कार्यक्रमाची सूचना म्हणजे एक चित्र. डीटीपीवाल्याने कोरल ड्रॉमध्ये श्री-लिपीत बसवलेली पत्रिका, तिची जेपीजी, आणि वर दोन हात जोडलेले. तीच सगळीकडे फिरते. चित्रातली अक्षरे शोधात सापडत नाहीत. दोन वर्षांनी कोणी ‘वालधुनी परिषद अंबरनाथ’ असे शोधले तर काही निघत नाही. दृष्टिहीन माणूस फोनकडून मजकूर वाचून घेतो. अँड्रॉइडचे टॉकबॅक युनिकोडमधली मराठी नीट वाचते, पण चित्रापाशी त्याला केवळ ‘चित्र’ एवढेच ऐकू येऊ शकते. श्री-लिपीच्या युनिकोड नसलेल्या टंकातला मजकूर तसाच चिकटवला तर निरर्थक खुणांची रांग दिसते. आणि पत्रिकेवर लिहिलेले असते ‘रविवार दि. १२ रोजी सायंकाळी ५ वाजता’. कोणता महिना? कोणते साल? चार महिन्यांनी तीच पत्रिका पुन्हा फिरू लागते आणि माणसे कुलूप लावलेल्या हॉलसमोर उभी राहतात.

म्हणून मागणी अशी: चित्र लावा, पण त्याखाली साधा युनिकोड मजकूर हवाच. वार, तारीख, महिना, साल. सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, कारण बदलापूर-कर्जतकडच्या माणसाला परतीची गाडी बघायची असते. पूर्व की पश्चिम, आणि उल्हासनगर असेल तर कोणता कॅम्प, जवळची ओळखीची खूण. उल्हासनगर, विठ्ठलवाडी आणि शहाड यांपैकी कोणते स्थानक जवळ, हे बाहेरच्याला माहीत नसते. कार्यक्रम रविवारचा असेल तर रेल्वेच्या मेगाब्लॉकची माहिती जाहीर झाल्यावर त्याच पोस्टखाली एक ओळ वाढवा. कल्याणच्या पलीकडून येणारा श्रोता बहुतेक वेळा ब्लॉकमुळेच गळतो. आयोजकाने मजकूर दिला नाही तर मागून घ्या. न देणाऱ्याची पोस्ट थांबवा, आमची हरकत नाही.

वेळेचेही तसेच. आदल्या रात्री साडेदहाला लागलेली पोस्ट कोणासाठी असते? नोकरी करणारी बाई आठवडाभर आधी घरातली सोय लावते, तेव्हा रविवारी बाहेर पडते. एकदा पंधरा दिवस आधी आणि एकदा कार्यक्रमाच्या सकाळी, अशी दोनदाच सूचना द्या. मधल्या काळात रोज ढोल वाजवायची गरज नाही.

फेसबुकवर पानाची पोस्ट अनुयायांतल्या थोड्यांनाच दिसते आणि बाकीच्यांपर्यंत न्यायला पैसे भरावे लागतात, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. व्हॉट्सअॅपने २०१८ पासून आपल्या देशात फॉरवर्ड एका वेळी पाच ठिकाणांपुरते आणले आणि त्यावर ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का येऊ लागला. तो शिक्का पाहिला की लोक निरोप न वाचता पुढे जातात. यावर उपाय एकच दिसतो: ग्रुपमधल्या एखाद्याने आपल्या शब्दांत लिहिणे. ‘मी रविवारी जाणार आहे, अमुक बाई वालधुनीच्या उगमाबद्दल बोलणार आहेत, कोणी येताय का?’ शेजारच्या इमारतीतल्या ओळखीच्या माणसाच्या अशा दोन ओळींवर जितकी माणसे येतात तितकी देखण्या पत्रिकेवर येत नाहीत, हा आमचा अनुभव आहे. तुम्ही अॅडमिन आहात, तुमचा शब्द ग्रुपमध्ये ऐकला जातो. परिषदेला यायचे ठरवलेत तर तसे लिहा. आणि ‘ओन्ली अॅडमिन’ केलेल्या ग्रुपमध्ये निदान अशा सूचनांपुरती वाट मोकळी ठेवा.

माणसे अशी जमवता येतात याचे दाखले जुने आहेत. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. परिषद व्हावी म्हणून आधीपासून धडपडत होते दासगावचे तरुण कार्यकर्ते रामचंद्र बाबाजी मोरे. कार्यकर्ते गावोगाव हिंडले, घरोघर सांगितले, आणि हजारो लोक चालत आले. बाबासाहेबांचे ‘बहिष्कृत भारत’ निघाले त्यानंतर, ३ एप्रिलला. म्हणजे मार्चच्या परिषदेच्या वेळी हाताशी ते पाक्षिकही नव्हते. आपल्या परिषदेची त्या परिषदेशी बरोबरी करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण माणूस माणसाला सांगतो तेव्हा सभा भरते, हे तिथून शिकण्यासारखे आहे. अलीकडचेही सांगता येईल. ऑगस्ट २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोला काही तरुणांनी ‘बारकॅम्प’ नावाची खुली परिषद आठवड्याभरात उभी केली, ब्लॉग आणि विकीच्या आधारावर, आणि सुमारे दोनशे लोक जमले. पुढे पुण्या-मुंबईतही बारकॅम्प भरले. १९९६ पासून चालणाऱ्या मायबोली या मराठी संकेतस्थळावरची मंडळी पावसाळ्यात वर्षाविहाराला एकत्र येतात, तेही संकेतस्थळावरच्या हाकेवर. २०१० साली पुण्यात आणि दादरला मराठी ब्लॉगलेखकांचे मेळावे झाले, त्यांची निमंत्रणे ब्लॉगवरूनच फिरली. म्हणजे साधन अपुरे आहे असे नाही. ते कशासाठी वापरायचे हा प्रश्न आहे.

एक दुखरी गोष्ट उरते, ती भिंतींची. ग्रुप शहरांप्रमाणे वेगळे, शहरात पक्षाप्रमाणे वेगळे, मग भाषेप्रमाणे, मग जातीप्रमाणे. बदलापूरच्या ग्रुपवर अंबरनाथचा कार्यक्रम टाकला की ‘आपल्या गावाचे टाका’. उल्हासनगरच्या ग्रुपवर टाकला की ‘ये मराठी प्रोग्राम है’. मराठी ग्रुपवर उल्हासनगरच्या सिंधी साहित्याची बैठक टाकली की कोणी काही बोलत नाही आणि ती पोस्ट संध्याकाळी काढलेली असते.

नदी या भिंती मानत नाही. वालधुनी काकोळ्याच्या डोंगरातून निघते, अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहते, उल्हासनगरातून जाते आणि कल्याणला उल्हासच्या खाडीला मिळते. वरच्या अंगाला जीआयपीचा तलाव आहे, रेल्वेने बांधलेला. खालच्या अंगाला तीच नदी नाल्यासारखी काळी दिसते. नोव्हेंबर २०१४ च्या शेवटी कोणीतरी तिच्यात विषारी रसायन ओतले आणि उल्हासनगरात काठावरच्या शेकडो लोकांना श्वास घेणे अवघड झाले, मळमळ झाली, दवाखाने भरले. त्या रात्री वायू मराठी घरांत शिरला आणि सिंधी घरांतही. रसायन वरच्या गावातून आले की खालच्या, याने खोकणाऱ्याला काही फरक पडला नाही. नदीवरची परिषद मात्र ‘त्यांची’ आणि ‘आपली’ होते.

उल्हासनगर वसले कसे ते आठवा. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी, फाळणीनंतर घरे सोडून सिंधमधून तिथे आलेली माणसे, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या शहराची पायाभरणी. पत्त्यात अजून कॅम्प एक ते पाच आहेत. सिंधीला आठव्या अनुसूचीत जागा मिळाली १९६७ साली. तिथले आजोबा अरबी वळणाच्या लिपीत वाचतात, नातवाला ती येत नाही, तो हिंदी वाचतो. अंबरनाथच्या आयुध कारखान्यात आणि रसायनांच्या कारखान्यांत देशभरातून माणसे आली आणि इथलीच झाली. अशा गावात सूचना एकाच भाषेत लावणे म्हणजे निम्म्या शेजाऱ्यांना न बोलावणे. आम्ही यापुढे मजकूर मराठीत आणि हिंदीत देऊ, देवनागरी सिंधीत करून देणारे मित्रही मिळाले आहेत. तुम्ही तिन्ही लावा. आणि दुसऱ्या शहराच्या, दुसऱ्या भाषेच्या छोट्या कार्यक्रमाला तुमच्या पानावर जागा द्या. कल्याण-कर्जत मार्गावर तीन स्थानकांचे तर अंतर आहे.

परिषद झाल्यानंतरचे म्हणणे मी वेगळे ठेवले होते. कार्यक्रम संपला की पानावर येतो समूहाचा फोटो आणि ‘कार्यक्रम उत्साहात संपन्न’. काय बोलले गेले, कोणता प्रश्न विचारला गेला, कोणी कोणाला खोडले, काही नाही. नाहीतर येते तीस सेकंदांची रील, वक्त्याचे एक वाक्य मधूनच कापलेले, खाली भडक मथळा. एका वक्त्यांना अशा रीलमुळे पुढचे अनेक दिवस फोनवर शिव्या ऐकाव्या लागल्या. त्यांचे पूर्ण वाक्य नेमके उलट अर्थाचे होते. त्या पुन्हा येणार नाहीत म्हणाल्या, आणि त्यांचे चुकले असे मला म्हणवत नाही. वक्त्याला विचारल्याशिवाय तुकडा कापू नका. कापलात तर पूर्ण भाषणाचा दुवा सोबत द्या. श्रोत्यांत बसलेल्या बायका-मुलांचे चेहरे त्यांच्या परवानगीशिवाय दाखवू नका.

ब्लॉग लिहिणाऱ्यांना इथे वेगळी हाक मारते. तुमच्यापैकी अनेकांनी लिहिणे सोडले आहे, कारण वाचक फेसबुककडे गेला आणि तिथून रीलकडे. तरीही परिषदेत काय झाले ते टिकवायला आज ब्लॉगइतके सोपे दुसरे काही नाही. लिहिलेले किती टिकते ते पाहा. १८८५ साली पुण्यात ग्रंथकारांची सभा भरायची होती, न्यायमूर्ती रानड्यांनी जोतीराव फुल्यांना बोलावले आणि फुल्यांनी आपण का येणार नाही ते पत्रात सविस्तर लिहिले. ते पत्र त्या वर्षी ‘ज्ञानोदया’त छापले गेले. त्या सभेत भाषणे करणाऱ्यांपैकी किती जणांचे शब्द आज लोकांच्या तोंडी आहेत? न गेलेल्या माणसाचे पत्र मात्र अजून वाचले जाते, त्यावर वाद होतो, कारण ते कागदावर उतरले आणि छापले गेले. आपल्या परिषदांमध्ये म्हातारी माणसे नदीत पोहल्याच्या, मासे धरल्याच्या, कारखाने आल्याच्या हकिकती सांगतात. त्या दुसरीकडे कुठे लिहिलेल्या नाहीत. सांगणारे दरवर्षी कमी होत आहेत. कोणी तरी बसून हजार शब्द लिहा: तारीख, ठिकाण, कोण काय म्हणाले, मतभेद कुठे झाले. आवडले नाही तर तसे लिहा, टीका करा. टीका आली तर पुढची परिषद सुधारेल. आणि त्या मजकुराची एक छापील प्रत जवळच्या वाचनालयात ठेवा. बदलापूरच्या ग्रंथसखा वाचनालयाने दुर्मिळ मराठी ग्रंथ जपले आहेत, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून उभे आहे. उद्या एखादे पान बंद पडले, खाते हॅक झाले, तरी वाचनालयातला कागद तिथेच असेल.

पानवाल्या मंडळींना यावरून एक सोपी गोष्टही सुचवते. वाचनालयांच्या आणि महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर छोट्या व्याख्यानांची, चर्चांची पत्रके लागलेली असतात. जाता-येता त्यांचे फोटो काढा आणि खाली मजकूर टंकून लावा. तुमच्या पानाला रोज काही ना काही लागतेच. ते इथे आयते आहे.

तुम्ही हे सगळे नोकरी सांभाळून करता, रात्री लोकल उतरल्यावर करता, आणि चुकीची एक पोस्ट गेली तर तुम्हालाच ऐकून घ्यावे लागते, याची मला जाणीव आहे. म्हणून मागण्या वाढवत नाही. आमच्या पुढच्या परिषदेचा मजकूर पंधरा दिवस आधी तुमच्याकडे येईल, साधा टंकलेला, वर लिहिलेल्या सगळ्या तपशिलांसह. तो लावा. लावायचा नसेल तर ‘नाही’ एवढे कळवा, म्हणजे आम्ही दुसरी वाट धरू. आणि त्या रविवारी स्वतः येऊन मागच्या रांगेत का होईना, बसा. तुमच्यासाठी खुर्च्या राखून ठेवल्या आहेत.



आपली नम्र,
बदलापूरची एक रहिवासी आणि परिषदेची कार्यकर्ती